बिस्किटांवर डाव्या हाताचा अंगठा

सोमवार, १ नोव्हेंबर १९७६
रविवारी खापा गावची मंडळी प्रेमिलाला पाहायला येतात. मुलगा मास्तर. तिसरं स्थळ. आधीची दोन पोहे खाऊन गेली ती गेलीच. पोहे कोणीही करतं! म्हणून पत्रात मीच लिहून टाकलं: मुलगी चॉकलेट, मनुका, काजू-अक्रोड घालून घरी बिस्किटं करते. प्रेमिला म्हणाली, बाबा, मले तर नाही येत. म्हटलं, बाप कशाला आहे? मी करीन. डोकं शांत ठेवलं की सगळं जमतं.

मंगळवार, २
इतवारी बाजारातून सामान आणलं. काजू देताना दुकानदार हसला. काहून हसला? घरी मोजले: १५४. दर्जा पाहायला सहा खाल्ले. उत्तम. डबा माझ्या खणात. किल्ली करगोट्याला.

बुधवार, ३
काजू १२१!! घरात चोर आहे. सुमतीला हटकलं. म्हणाली, किल्ली तर तुमच्याच कमरेला आहे ना जी. उत्तर फार तयार वाटलं. बायकोवर नजर ठेवणे.
संध्याकाळी पुन्हा तपासणी. थोडे काजू, चॉकलेटची एक पट्टी. खवट नाही.

गुरुवार, ४
ऑफिसला रजा. खणासमोर बसून राहिलो. चोर आला नाही. तरी काजू ९८. चोर साधा नाही.

शुक्रवार, ५
उद्या आळीतल्या कवडू बेकरीवाल्याची भट्टी. सणासमारंभाला अख्खी आळी आपापल्या पिठाची बिस्किटं त्याच्याकडे भाजून आणते. ट्रेमध्ये नावाची चिठ्ठी ठेवायची, बस्स. लोक भोळे. चिठ्ठी बदलायला काय लागतं? आपली काजूवाली दुसऱ्याच्या घरी, आणि आपल्याला कोणाची तरी रव्याची!
उपाय सापडला. प्रत्येक बिस्किटावर डाव्या हाताचा अंगठा दाबायचा. सरकारी कागदावर चालतो, तर बिस्किटावर का नाही? सुमती म्हणाली, पाहुण्यायले अंगठा दाखवता काय? तिला कायदा कळत नाही.

शनिवार, ६
कवडू म्हणाला, ट्रे ठेवून जा, संध्याकाळी न्या. मले येडा समजून राहिला! तिथेच ठाण मांडलं. दर पाच मिनिटांनी भट्टीचं दार उघडून अंगठे पाहिले. कवडू वैतागला. भट्टी आहे, नळ नाही, घडीघडी काहून उघडून राहिले, म्हणाला. ज्याच्या मनात काळंबेरं तोच वैतागतो.
बिस्किटं वरून कोळसा, आत लगदा. आग मुद्दाम बिघडवली असणार. पण अंगठे शाबूत.
दुपारी प्रेमिला उरलेलं सामान घेऊन कुठेतरी गेली. विचारलं तर मैत्रिणीकडे म्हणाली. परतली तेव्हा नाकाला मैदा होता. संशयास्पद.

रविवार, ७
मंडळी आली. ताटात बिस्किटं. खरपूस, गोल, चॉकलेटचा वास. मुलाच्या आईनं दोन उचलली. मी वाकून पाहिलं. अंगठा नाही! दुसरं पाहिलं. नाही! मुलाच्या हातातलं घेऊन उलटंसुलटं केलं. तिथेही नाही. उभा राहून सांगितलं की ही बिस्किटं आमची नाहीत, अदलाबदल झाली आहे, कोणी खाऊ नये.
मुलाच्या आईनं तोंडातला घास तसाच धरून ठेवला. वाटलं, हेही स्थळ गेलं.
मग प्रेमिला म्हणाली, ही माझीच आहेत. बाबांची जळाली, म्हणून कवडूकाकांजवळ बसून काल शिकले, पहिल्यांदाच. पत्रात लिहिलं ते तेव्हा खरं नव्हतं.
सगळ्यांसमोर बापाला खोटं पाडलं! मुलगा हसला. माझ्या हातातलं बिस्कीट परत मागून घेतलं आणि खाल्लं. फितूर आहेत सगळे.

शुक्रवार, १२
पत्र आलं. पसंत! खरं बोलणारी मुलगी, असं लिहिलंय. शेवटी माझी योजना यशस्वी. डोळे भरून आले, धुरानं असेल.
लग्नातलं कोठीघर, म्हणजे तूप-साखर-मेव्याची राखण, एका भरवशाच्या माणसाकडे द्यावं लागतं. मी तयारीला लागलो. तर मायलेकींनी किल्ली कवडूला देऊन टाकली. कवडूला!
विचारलं, मग मी काय करू? सुमती म्हणाली, मांडवाच्या दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याले नमस्कार करा. दोन्ही हात गुंतून राहतील.