त्वचारंगाचा डावा हात

प्रति,
मा. साहित्य वाटप अधिकारी,
कृत्रिम अवयव विभाग, सरकारी रुग्णालय.

विषय : ‘त्वचारंग’ या शब्दात माझ्या पत्नीच्या त्वचेचाही समावेश होण्याबाबत.
संदर्भ : आपले ‘तक्रार निकाली काढली आहे’ हे एका ओळीचे पत्र.

महोदय,

मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. अपघातात तिचा डावा हात गेला, त्या जागी आपल्या विभागाने मेहेरबान होऊन नवा दिला. हात उत्तम आहे. बोटे मिटतात, वही धरता येते. फक्त तो गुलाबी आहे आणि माझी बायको चांगली काळीसावळी आहे.

१. आपल्या कारकुनांनी यादी उघडून दाखवली. तीत ‘रंग : त्वचारंग’ असे छापले असून त्वचारंग एकच असतो, असे त्यांनी मला समजावले. पंचवीस वर्षे रंगात हात बरबटवून मला एवढेही कळू नये, याची लाज वाटली. मग बायकोच्या अंगावर आहे ते काय, असे विचारले तर म्हणाले, तो रंग यादीत नाही.

२. पहिलीतल्या एका मुलीने वर्गात विचारले, बाई, हा हात कुणाचा? पोरीचा काय दोष, तिने यादी वाचलेली नव्हती! तेव्हापासून बायको तो हात पिशवीखाली लपवते. गेल्या आठवड्यात तिने राजीनामा लिहिला. साहेब, अपघातात न रडलेली बाई त्या दिवशी ढसाढसा रडली. मला ते बघवले नाही.

३. हात मी फुकट रंगवतो म्हटले, तर सरकारी वस्तू विद्रूप केल्यास जप्त होईल, असे आपल्या कारकुनांनी बजावले. माझ्या बायकोचा रंग लागला की वस्तू विद्रूप होते, हे ज्ञानही आपल्याच कृपेने मिळाले.

४. तरी कळवण्यास आनंद होतो की, रविवारी मी विद्रूपीकरण उरकले. तपकिरी, पिवळा, जरासा तांबडा, किंचित निळा. पाच वेळा चुकलो. अहो, माझा रंग एवढा अवघड आहे का, म्हणून ती हसली. मग दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसली आणि उठून राजीनामा फाडला.

सबब, ‘त्वचारंग’ या शब्दाचा अर्थ तरी वाढवावा, नाहीतर जप्तीला माणूस पाठवावा. बाई दहापासून वर्गावर असतात. मात्र दोन हातांतला सरकारी कोणता, हे त्याला बघून ओळखता आले पाहिजे.

आपल्या यादीबाहेरचा,
पाट्या रंगवणारा
दि. ९ जुलै