नावापुढे लाल अधिक

१ तारीख, सकाळी
नातीने मोबाइल हातात दिला. म्हणाली, आजी, तू बोल, तो लिहील. बरं झालं. मला अक्षर येत नाही, म्हणजे हे मीसुद्धा वाचणार नाही. इतकी खाजगी रोजनिशी कुणाकडे नसेल.

काल धाकटी जाऊ वळकटीसकट राहायला आली. दीर गेल्यापासून एकटी होती, ये म्हटलं मीच. जीभ झडली असती तर बरं. खोली एक, खाटा दोन. एक खिडकीखाली, रस्ता दिसतो, कोण कुणाला बदडतंय तेही दिसतं. दुसरी बाथरूमच्या दाराला चिकटून. दोघींना खिडकीच हवी. एकाच उशीची दोन टोकं धरून ओढली. उशी फाटली, खोलीभर कापूस. नात म्हणाली, आता बास. कॉम्प्युटरवर फुटबॉलची टीम चालवा, मॅच लावा, जिंकेल तिची खिडकी.

यात आपण खेळायचं नाही, खेळवायचं. मॅनेजर. गादी कारखान्यात मी मुकादम होते. कापूस काठीने बडवला, कामचुकारांना तोंडाने. मॅनेजरला आणखी काय लागतं? धाकटी चौथी पास आहे. तेवढ्यावर नाक वर.

संकल्प: धाकटीची हाडं खिळखिळी करणे.

२ तारीख
नात शिकवायला बसली. मी म्हटलं, हिरवं बटण म्हणजे हो, करडं म्हणजे नाही, एवढं सांग आणि चालू लाग. लागली.

तोंडं बघून टीम निवडली. पुढे मिशाळ, त्याचे डोळे खाटकासारखे आहेत. मागे बोकड. गोलमध्ये टकल्या. चेंडू हिसकावताना किती जोर लावायचा त्याची एक पट्टी आहे. डावीकडे हिरवी, उजवीकडे लालभडक. ओढली उजवीकडे, पार भिंतीपर्यंत.

४ तारीख
पहिली मॅच, यंत्राच्याच एका टीमशी; धाकटीशी गाठ शेवटी. पडद्यावर इवलीशी माणसं. मी ओरडले, तंगडी मोड त्याची! बोकडाने मोडली. आज्ञाधारक पोर. रेफरीने लाल कार्ड दाखवून त्याला हाकललं. रेफरी विकला गेलाय. समोर असता तर त्याची शिट्टी त्याच्याच घशात कोंबली असती. हरलो. पण समोरच्यांचे तीनजण स्ट्रेचरवरून गेले. बेरीज आपलीच.

५ तारीख, दुपारी
मोठा शोध. मिशाळच्या नावापुढे लाल चिन्ह आलंय. अधिकचं. अक्षर येत नसलं तरी हिशेब येतो मला. बाजारात कुणी फसवून दाखवावं. अधिक म्हणजे वाढलं. म्हणजे मिशाळची ताकद वाढली. दवाखान्याच्या पाटीवरही हेच असतं ना? तिथे जाऊन माणसाला ताकद येते. तेच हे.

धाकटीला विचारणार होते. पण ती आधी चष्मा पुसते, मग घसा खाकरते, मग सांगते. त्यापेक्षा मरण बरं.

९ तारीख
कसरतीची पट्टीही लालपर्यंत ओढली. पोरांना पहाटेपासून पिळतेय. आणखी चारजणांना अधिक आलं. बोकडाला तर एकदम दोन! धाकटीच्या टीममध्ये हळूच डोकावले. एकही अधिक नाही. सगळी कोरी पोरं. कीव आली.

मॅचआधी प्रत्येक वेळी एक चौकट उघडते, आत लांबलचक मजकूर. यंत्र फार नम्र आहे, मॅनेजरची परवानगी घेतल्याशिवाय काही करत नाही. मी हिरवं दाबते.

१४ तारीख
पुन्हा हरलो. मैदान ओलं असणार. माउस भिंतीवर आपटला. नातीने नवा आणला, म्हणाली, आजी, हा दोरीने बांधून ठेवते. मी म्हटलं, तुलाच बांधते.

१६ तारीख
धडाकेबाज निर्णय. ज्यांच्या नावापुढे काहीच नाही असले बाकावर बसून नुसते जागा अडवणारे सगळे विकून टाकले. मुकादमाचं काळीज दगडाचं लागतं. घेतले कुणी? धाकटीने! हसू दाबत होती. म्हणाली, ताई, नक्की ना? म्हटलं, नक्की. पुन्हा म्हणाली, नाही, म्हणजे नक्की ना, ताई? म्हटलं, घाबरलीस का गं? तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. रडायलाच गेली असणार.

यंत्रानेही तेच विचारलं असावं. हिरवं दाबलं.

२१ तारीख
अकराच्या अकराजणांना अधिक. टकल्यालासुद्धा. अशी फौज कुणाची झाली नसेल. खिडकीखाली माझी गादी टाकून घेतली. आधीच केलेलं बरं, नंतर घाई नको.

धाकटीला सांगितलं, परवा तुझा भुगा करते. ती म्हणाली, करा ताई, पण आधी दोन घास जेवा. शत्रूला जेवायला वाढते. हिच्यात मॅनेजरचं रक्तच नाही.

२३ तारीख, संध्याकाळी
मॅच. शिट्टी झाली. माझी माणसं लंगडायला लागली. वाटलं, डाव असेल, समोरच्याला गाफील ठेवायचा. टकल्या चेंडू येईल तसा बाजूला सरकून त्याला वाट देत होता. मी विकलेलीच पोरं गोल मारत होती. शिव्या संपल्या; नव्या तयार केल्या. आठव्या गोलनंतर मिशाळला चेंडू मिळाला, समोर गोल मोकळा. मी किंचाळले, हाण! त्याने हाणला नाही. मांडी घालून बसला. मग मीच हाणला, जीव खाऊन. खिडकीखालच्या खाटेचा लोखंडी पाय मध्ये आला.

कडाड आवाज मिशाळचा नव्हता.

२४ तारीख
हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. दारावर तेच लाल अधिक. बाकावर बसलेली सगळी माझीच टीम: कुणाचा हात गळ्यात, कुणाची मान पट्ट्यात, एकजण बोकडासारखा दोन्ही पाय पुढे टाकून. मी बराच वेळ त्या पाटीकडे बघत बसले. धाकटी शेजारीच होती.  तिने चष्मा पुसला नाही, घसाही खाकरला नाही. त्याचा जास्त त्रास झाला.

पायाला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, फार चालायचं नाही, बाथरूमजवळ झोपा.

धाकटी म्हणाली, ताई, खिडकी तुम्हीच घ्या, मी रात्री धरून नेत जाईन. मी म्हटलं, नको. दाराजवळची खाट मी स्वतःहून घेतली. हे नीट लिहून ठेव रे मोबाइला.

२५ तारीख, सकाळी
डोळा लागला होता. उठले तर धाकटी पायाशी बसलेली, हातात नातीचं लाल पेन. प्लास्टरवर काहीतरी काढलं होतं, तळहाताएवढं मोठं.

चष्मा पुसला, घसा खाकरला, आणि म्हणाली, ताई, येतंय का वाचता?

आलं.