हळदीच्या दिवशीची साक्ष

कळवा, १२ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

लॉ कॉलेजने आम्हा प्रत्येकाला एका वकिलाबरोबर एक विनामोबदला दावा दिला आहे. माझ्या वाट्याला विनीत सर आणि कोलशेतच्या सगुणाबाई. खाडीकाठचं त्यांचं घर बिल्डरने पाडू नये म्हणून तात्पुरती मनाई होती. काल त्यांची साक्ष होती. कालच गावात हळद. लग्नाचे धवले त्यांच्याशिवाय कोण गाणार? मीच म्हटलं, खुशाल गा, पुढची तारीख मिळते. तीन महिन्यांत कोर्टात एवढंच शिकले होते. सरांना सांगायचं राहिलं. मी बाईंना आणीन या भरवशावर ते दुसऱ्या कोर्टात. पुकारा झाला तेव्हा आमच्या बाजूचं कुणीच नव्हतं, मीही नाही. दावा काढून टाकला, मनाई उठली.

सर म्हणतात, बाई आजारी होत्या असं प्रतिज्ञापत्र करू, दाखला मिळेल. खरं लिहिलं तर कॉलेज मला काढेल. काय करू?

लोभ आहे का, हे या पत्रानंतर पुन्हा पाहावे.
आपली,
वर्षाली

डोंबिवली, १५ फेब्रुवारी

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद. गुडघा तसाच आहे. तुझ्या अक्षराला मात्र वकिली चढली, वाचवत नाही.

बेलिफ असताना एकदा पाणी साचलं म्हणून कोपरच्या एका घरी नोटीस द्यायला गेलो नाही. घेण्यास नकार, असा शेरा मारला. त्यांचं घर गेलं. तो माणूस बाजारात मला अजून नमस्कार करतो. मी भाजी आणायला तुझ्या आजीला पाठवतो. का, ते तिला ठाऊक नाही.

सल्ला देत नाही. आशीर्वाद मात्र परत घेत नाही.
गुणाजी

कळवा, २२ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि. आजारपणाचं ऐकून सगुणाबाई हसल्या. म्हणाल्या, माझा गळा अख्ख्या गावाने ऐकलाय, आता आजारपण कुठून आणायचं?

प्रतिज्ञापत्र मी माझ्या नावाने, खरं तेच लिहून केलं. शेवटी सरांनीच ते टाईप करून आणलं. कॉलेजने या दाव्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. काल दावा पुन्हा सुरू झाला, मनाईही मिळाली. पण बिल्डरची माणसं खाडीकडची भिंत दारासकट सकाळीच पाडून गेली होती. मनाई उरलेल्या तीन भिंतींना आहे.

संध्याकाळी कोलशेतला गेले. बाहेरच थांबले. सगुणाबाईंनी आतून सुनावलं की भिंतीच्या जागी नुसतं मासळीचं जाळं टांगलंय, वाजवायला दार राहिलेलं नाही, तेव्हा उभी राहू नको, ये.

मी गेले. तुमचा लोभही असाच उघडा असू द्यावा.
आपली,
वर्षाली