चिठ्ठीतली बाई

शुक्रवार, ता. ९

ती. वन्संना,

नमस्कार. नीट पोचलात ना? प्रवासाने गुडघा दुखावला नसेल अशी आशा. तुमच्या भावाची सलाईनची सुई आज निघाली, मऊ भात सुरू झाला. सोमवारी घरी सोडतील.

आता स्पष्टच लिहिते, तोंडावर बोलायला जीभ रेटली नाही. काल वॉर्डात माझ्या हातचा चहा तुम्ही आधी हुंगलात, मग त्यांना दिलात. मी पाहिलं. विष त्यांनी स्वतः घेतलं हे पोलिसांना पटलं, तुम्हाला नाही. वर त्यांना तुमच्याकडे न्यायचं म्हणता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण संशय घेण्यात मी तुमच्याही चार पावलं पुढे आहे, वन्सं.

लॉन्ड्रीत माझं कामच ते, कपडा मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासायचे. घरी तरी हात गप्प कसा बसेल? वर्षभर हे झोपत नव्हते, ताटावरून उठायचे, बाथरूममध्ये तासतास बसायचे. कामावर, चष्म्याच्या दुकानात, दोनदा चुकीच्या नंबरच्या काचा घासल्या. मी म्हटलं, झालं, बाई आहे! आणि ह्यांच्या खिशात चिठ्ठी सापडली. बाईचं नाव, फोन, 'गुरुवार, चार वाजता'. अक्षर तुमचं. म्हणजे सख्ख्या बहिणीचीच फूस!

मी फोन लावला. "माझ्या नवऱ्याचा नाद सोड, भवाने!" ती शांतपणे म्हणाली, "त्यांना यायचं असेल तर येऊ द्या." काय निर्लज्ज बाई, म्हटलं. चिठ्ठी फाडली. तीन गुरुवार रजा टाकून दारात बसले. हे गुपचूप आतल्या खोलीत जाऊन पडायचे. चौथ्या गुरुवारी मला रजा मिळाली नाही. त्यांनी विष घेतलं, ते त्या दिवशी.

परवा वॉर्डात मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नाव सांगितलं, ते चिठ्ठीतलंच. आजार वर्षभराचा आहे, म्हणाल्या, औषधांनी उतार पडतो, पण यायला हवं. माझा आवाज त्यांनी ओळखला असणार.

मी ह्यांना विचारलं, "मी बाई बाई करत होते, तेव्हा एकदा तरी सांगायचं होतं!" तर म्हणाले, "बाईचा संशय परवडला. तू वेडा म्हणाली असतीस." म्हणालेच असते. शेजारणीचा भाऊ अशाच डॉक्टरकडे जायचा, त्याला मी काय काय नावं ठेवली ते ह्यांनी ऐकलंय. 'बायकोला कळू देऊ नकोस' असं तुम्हीच बजावलं असणार. राग येतो तुमचा. पण माझ्याबद्दलचा तुमचा अंदाज चुकला नव्हता.

आज सकाळी हळूच विचारलं त्यांनी, "येत्या गुरुवारी जाऊ देशील का गं?" पंचेचाळीस वर्षांचा माणूस, वन्सं. मला रडू आवरेना.

चिठ्ठी फाडल्याचं अजून त्यांनासुद्धा माहीत नाही. हरवली असं समजतात. तुम्ही सोमवारी या. तुमच्यासमोर सांगेन. मग न्यायचं तर न्या, मी आडवी येणार नाही. फक्त गुरुवारी चारला त्यांना डॉक्टरीणबाईंकडे पोचवा. माझ्याकडे ठेवलंत तर मी पोचवीन, आणि बाहेर बाकावर बसेन.

तुम्ही अजून म्हणत असाल तर,
तुमची भावजय