आईच्या उशाशी असलेली ओल

दादा,

आईला मावशीकडे घेऊन जातेय. त्या ओल्या भिंतीशी झोपत राहिली तर खोकला हटणार नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलंय. तुला तीनदा हाक मारली. तू वर तुझ्या खेळण्यातल्या रेल्वेच्या डब्यांना गंज रंगवत होतास. ‘आलोच’ म्हणालास आणि आला नाहीस.

जेवण झाकून ठेवलंय. रुळांमधल्या मातीसाठी तू खिडकीत वाळत घातलेला चहाचा चोथा कागदात बांधून ठेवलाय, नाहीतर माझ्या नावानं शंख करशील. गवंड्याचा नंबर दोन वर्षं फ्रीजवर आहे.

रविवारी टॉर्च घेऊन आईच्या उशाशी अर्धा तास उभा होतास. भिंतीवरून बोट फिरवलंस, फोटो काढलेस. तेव्हापासून आई येईल त्याला सांगतेय, ‘पोरानं मनावर घेतलंय हो.’

आज तिचे रिपोर्ट शोधायला तुझ्या टेबलाशी गेले. तिथं त्यातलाच एक फोटो टाचलेला होता आणि शेजारी तुझं पुठ्ठ्याचं स्टेशन. वेटिंग रूमच्या भिंतीवर आईच्या खोलीतली ओल हुबेहूब उतरलीय, खालच्या पोपड्यांसकट. हातात कला आहे तुझ्या, कोण नाही म्हणतंय!

बॅग भरताना आई मला बजावत होती, ‘त्याच्या मागे घाई लावू नकोस गं, भिंतीचं काम नीट करू दे त्याला.’

मी तिला काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.