राजसचा पहिला ट्रान्सफॉर्मर

अहिल्यानगर, ४ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि शेजारी बसलेल्या आईला सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र.

आपल्या राजसने डिझाइन केलेला पहिला मोठा ट्रान्सफॉर्मर काल माझ्याकडे टेस्टिंगला आला. आत किती वीज वाया जाते, म्हणजे लॉस, तो मी डिजिटल वॉटमीटरवर मोजते. ठरल्यापेक्षा जास्त निघाला, तोही गिऱ्हाइकासमोर! यावरच त्याचं कायम होणं अवलंबून आहे. घरी आल्यावर म्हणाला, सख्खी बहीण असून नापासच्या रिपोर्टवर सही केलीस. तेव्हापासून अबोला. माझ्या हातची पोळीसुद्धा नको म्हणे. माझा जीव थाऱ्यावर नाही, बाबा.

लोभ आहेच, पण आईला यातलं काही सांगू नका.

तुमची नीलू

पारनेर, ७ नोव्हेंबर

चि. नीलांबरीस,
अ. उ. आ.

पत्र आईनेच फोडलं! ती म्हणते, आकडा जरा खाली सरकवला तर काय बिघडतं? जन्मभर गणित शिकवलं आणि घरात हे ऐकायचं राहिलं होतं. पण माझाही जीव खालीवर होतोय गं. आकडा बदलू नकोस. पुन्हा मोजता येत असेल तर मोज.

दोघांना आशीर्वाद, त्या गाढवाला जरा जास्त.

बाबा

अहिल्यानगर, १२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवानगी काढून पुन्हा मोजलं. एका फेजच्या तारा उलट जोडलेल्या सापडल्या. तिन्ही फेजच्या आकड्यांची बेरीज म्हणजे लॉस. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एखाद्या फेजचा आकडा उणे येऊ शकतो, तो वजाच धरायचा. तारा उलटल्या की तोच अधिक होतो आणि लॉस फुगतो. सरळ केल्यावर तुमच्या लेकाचा ट्रान्सफॉर्मर झकास पास झाला!

तारा उलटल्या कुणी? त्यानेच. त्या दिवशी ट्रायल घेऊन, सप्लाय बंद करून मी गिऱ्हाइकाला आणायला गेले होते. मीटर होल्डवर होता, म्हणून सप्लाय नसतानाही उणे आकडा तसाच दिसत होता. राजसला वाटलं, ताईची जोडणी चुकली, चारचौघांत फजिती होईल. म्हणून गुपचूप बदलल्या. विचारल्यावर त्यानेच सांगितलं.

आमच्याकडे परवानगीशिवाय टेस्टच्या तारांना हात लावला की नोकरी जाते. आधीचं मोजमाप का चुकलं, हे रिपोर्टात लिहावं लागतं. बाबा, मी त्याचं नाव लिहिलं. आज त्याला काढलं.

मी स्टँडवर गेले होते. एसटीत बसल्यावर त्याने एवढंच विचारलं, शेवटी लॉस किती आला. मी आकडा सांगितला, तर हसला हो. मला मात्र रडू आवरेना.

हे पत्र पोचेपर्यंत तो घरी आलेला असेल आणि तुमचं ओरडूनही झालं असेल. आता त्याला जवळ घ्या. माझ्यावरचा लोभ राहू द्या बाजूला.

तुमची
नीलू