उपनगराचा निर्णय माझाच

१ फेब्रुवारी, शनिवार

नव्या शहरात मुक्काम सुरू. आमच्या ऑफिसातून बदलीसाठी एक नाव मागवलं, तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं माझंच सुचवलं. लिफ्टच्या कंपनीत, तेही सगळ्या शहरांचे फोन घेणाऱ्या तक्रार विभागात इतकी वर्षं काढली की असा विश्वास मिळतो. निरोपसमारंभाला साहेब आले नाहीत. त्यांना जड गेलं असणार.

कंपनीनं मार्चअखेरपर्यंत दोन खोल्यांचा फ्लॅट दिलाय. तोवर कायमचं राहायला उपनगर निवडायचं. घरी जाहीर केलं की ही जबाबदारी सर्वस्वी माझी, कोणी काळजी करायची नाही. बायकोनं विचारलं, मीही थोडी चौकशी करू का. म्हटलं, कशाला डोक्याला ताप करून घेतेस. ती म्हणाली, ताप नाहीये, आणि भांड्यांचं खोकं उघडायला बसली.

कन्या नववीत आहे. बदलीचं कळल्यापासून माझ्याशी बोलत नाही. अभ्यासात एकाग्रता वाढली असावी. अण्णा, म्हणजे माझे वडील, आई गेल्यापासून कमीच बोलतात. दोन वर्षं झाली. त्यांना शांतता आवडते.

इतक्या शांत घरात निर्णय घेणं सोपं जाईल.

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात टेबल पँट्रीच्या दारासमोर मिळालं. मोक्याची जागा. चहाच्या वेळी सगळी कंपनी माझ्यासमोरून जाते.

येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं, कुठे राहता, कसं आहे. प्रत्येकाला स्वतःचंच उपनगर सर्वोत्तम वाटतं. आपला तो बाब्या. फक्त अकाउंट्सवाल्या बाई प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, कुठेही राहा, पण शेवटच्या स्टॉपला जाऊ नका, तिथे काहीच नाही. जिथे बस संपते त्या भागाला इथे सगळे शेवटचा स्टॉपच म्हणतात. लगेच बाद केलं. न बघताच. निर्णयक्षमता म्हणतात ती हीच.

दलालाची मदत घ्यायची नाही असंही ठरवलं. ही माणसं नवख्याला हेरतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

सहकुटुंब टेकडीवरचं उपनगर पाहिलं. हवा उत्तम. जाहिरातीतला फ्लॅट सहाव्या मजल्यावर, पण इमारतीची लिफ्ट बंद. आम्ही जिने चढलो. अण्णांचा गुडघा दुखतो, त्यांना खालीच बसवलं.

परत उतरताना लक्षात आलं की लिफ्ट आमच्याच कंपनीची आहे. दारावरचा शिक्का मी कौतुकानं बायकोला दाखवला. हात दाखवून अवलक्षण. शेजारच्या काकूंनी ते ऐकलं. त्यांनी वरच्यांना हाक मारली, वरच्यांनी खालच्यांना. लिफ्ट महिनोन्महिने बंद पडून आहे आणि तक्रार केली तर फोनवर एक माणूस ‘नोंद घेतली आहे’ एवढंच म्हणतो, असं सगळे एकदम सांगू लागले. एका आजोबांनी माझा आवाज ओळखला.

मी त्यांना म्हटलं, नोंद घेतली आहे.

टेकडी बाद. लोक बरे नाहीत. एक चांगली गोष्ट झाली. उतरताना कन्या हसली, पार खालपर्यंत. उंचावरच्या हवेनं होतं तसं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दलाल ठेवला. ठेवला म्हणजे काय, त्याच्याकडून माहिती घ्यायची आणि निर्णय आपण घ्यायचा. मनुष्य चतुर आहे. मला बघताक्षणी म्हणाला, सर, तुम्हाला फसवणं कठीण आहे.

बायकोला इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळाली. तिनं कधी अर्ज केला कोण जाणे. मी म्हटलं, घर कुठे घ्यायचं हे आधी ठरू दे, मग नोकरी. ती म्हणाली, सोमवारपासून जॉइन होतेय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तलावाकाठचं उपनगर. हेच! खिडकीतून पाणी दिसतं. अण्णांसाठी बाक आहेत. अण्णांना विचारलं, आवडलं का. ते म्हणाले, बरं आहे. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पसंतीच.

पण मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सौद्यात उत्साह दाखवला की घरमालक चढून बसतो. भिंतीवर टिचकी मारली. नळ सोडला, बंद केला. खिडकीकडे पाठ करून उभा राहिलो. बायको म्हणाली, आवडलंय तर सांग की. मी तिला डोळ्यानं गप्प केलं. मग ‘बघू, विचार करू’ म्हणत गॅलरीत गेलो आणि पुरेसा वेळ बेफिकीर उभा राहिलो.

आत आलो तेव्हा आमच्या मागून आलेलं एक तरुण जोडपं स्वयंपाकघरात घरमालकाशी हस्तांदोलन करत होतं. त्यांना काही अनुभवच नाही. आल्या आल्या ‘आवडलं’ म्हणाले.

तिथे डासही फार होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तलावाकाठी दुसरा फ्लॅट रिकामा होईल अशी आशा आहे. म्हणून तिथून ऑफिसला किती वेळ लागतो याची चाचणी घेतली. पहाटे उठून इथून तिथे गेलो, म्हणजे तिथून निघता येईल. पोचलो तर वेळेआधी. बाकावर जरा टेकलो.

ऑफिसला जेवणाच्या सुट्टीत पोचलो. हा वेळ प्रवासाचा किती आणि बाकाचा किती, हे नक्की सांगता येत नाही. चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. नव्या साहेबांनी मात्र आज पहिल्यांदाच केबिनमध्ये बोलावून बराच वेळ बातचीत केली.

२३ फेब्रुवारी, रविवार

अण्णा हल्ली दुपारी फिरायला जातात आणि संध्याकाळी येतात. बायको म्हणाली, कुठे जातात विचार तरी. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला थोडं खाजगी आयुष्य असू द्यावं. शिवाय मी ब्रोशर वाचत होतो.

कन्येनं आज तोंड उघडलं. घर निवडताना तिला मत आहे का, असा प्रश्न होता. मी तिला लोकशाही समजावून सांगितली. प्रत्येकानं आपलं मत माझ्याकडे द्यावं, मी त्याचा विचार करीन. ती गॅलरीत जाऊन जुन्या शाळेतल्या मैत्रिणीला फोन करत बसली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. इथे धूळ आहे. उपनगर निवडताना धुळीचाही विचार करायला हवा.

१ मार्च, शनिवार

महिना झाला. निकाल लागला! नवी टाउनशिप. बाग, क्लबहाउस, व्यायामशाळा, सगळं एका कुंपणात. दलालानं फोटो दाखवले. या वेळी मागची चूक करायची नाही, म्हणून फोटो बघताच ‘आवडलं’ म्हणालो. घरी मिठाई नेली.

२ मार्च, रविवार

सगळ्यांना घर दाखवायला नेलं. टाउनशिप म्हणजे सध्या एक मैदान आहे. मधोमध झेंडा. कडेला पत्र्याच्या शेडमध्ये नमुन्याचा फ्लॅट, त्यात खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड केलेले. अण्णा टेकायला बसले तर पाय बाहेर. आमचा मजला कुठे, असं मी विचारलं. तिथल्या मुलीनं बोट आकाशाकडे केलं आणि नम्रपणे म्हणाली, साधारण तिथे. दोन वर्षांनी.

दलालाला जाब विचारला. तो म्हणाला, सर, व्ह्यू तर आजच तयार आहे ना.

येताना गाडीत मी म्हटलं, दूरदृष्टी ठेवली तर प्रकल्प चांगलाच आहे. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, मार्चअखेरीला आपण कुठे झोपणार, एवढीच जवळची दृष्टी ठेव.

८ मार्च, शनिवार

संध्याकाळी अण्णा परत आले नाहीत. अंधार पडायला लागला. फोन घरीच, गादीखाली. मी अजिबात घाबरलो नाही. बायकोनं बाहेर पडताना दाखवलं की माझ्या पायात तिची चप्पल आहे. कोपऱ्यावरच्या बागेत पाहिलं. औषधांच्या दुकानात पाहिलं. ते कुठे असतील याचा अंदाज बांधायला लागलो, तर वडील कुठे जातात, त्यांना काय आवडतं, यातलं मला काहीच सांगता येईना. दुकानदारानं विचारलं, कपडे कोणते घातले होते. तेही बायकोनंच सांगितलं.

मग बायकोचा फोन वाजला. शेवटच्या स्टॉपवरचा एक इस्त्रीवाला बोलत होता. बस बंद पडलीय, तुमचे अण्णा आमच्याकडे आहेत, जेवून घेताहेत, सावकाश या.

कन्येलाही घेऊन टॅक्सीनं गेलो. बस जिथे वळते तिथे एक पिंपळाएवढं मोठं झाड, एक दुकान, बाहेर बाक, बाकावर बुद्धिबळाचा पट. इस्त्रीवाला एका हातानं इस्त्री फिरवत होता आणि दुसऱ्या हातानं सोंगट्या हलवत होता. समोर अण्णा. ते बोलत होते. मोठ्यानं. इस्त्रीवाल्याचा उंट मारला आणि म्हणाले, तुला शर्टाची कॉलर दिसते, पण माझा घोडा दिसत नाही. आणि हसले.

बायको चालता चालता थांबली. तिनं मला हातानं अडवलं. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, तरी ती हलेना.

चौकशीत निष्पन्न झालं ते असं. महिन्याभरापूर्वी अण्णांना बसमध्ये डुलकी लागली आणि ते शेवटच्या स्टॉपला उतरले. इथे दोघं जण चुकीचं बुद्धिबळ खेळत होते. अण्णांना राहवलं नाही. तेव्हापासून रोज.

९ मार्च, रविवार

सकाळी बायको म्हणाली, शेवटच्या स्टॉपलाच घर बघू. मी शांतपणे तोटे सांगितले. ऑफिस लांब. दोन बस. हॉटेल नाही, मॉल नाही, प्रतिष्ठा नाही. अकाउंट्सवाल्या बाईंचं मतही सांगितलं. पार्किंगच्या मुद्द्यावर आलो तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

ती म्हणाली, “काल येताना टॅक्सीत अण्णा आईंबद्दल बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्या बुद्धिबळात लबाडी करायच्या म्हणे. तू ऐकलंस?”

मी टॅक्सीत पुढे बसलो होतो. चालकाला तिथल्या पार्किंगबद्दल विचारत होतो.

कन्या म्हणाली, “मला नाहीतरी सगळीकडे सारखंच आहे, बाबा. मग अण्णा हसतात तिथे राहू या ना.”

मी म्हटलं, मला विचार करायला वेळ लागेल. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ठेवला. बराच वेळ विचार केला. बाहेर आलो तेव्हा बायकोनं टॉवेल दिला.

१३ मार्च, गुरुवार

अखेर माझा निर्णय झाला. शेवटचा स्टॉप. संध्याकाळी घरी येऊन जाहीर करणार होतो, तर बायको म्हणाली, दुपारी सुट्टीत जाऊन करार करून आले. इस्त्रीवाल्याच्या ओळखीतली घरमालकीण, बस वळते तिथून दोन पावलांवर इमारत, तळमजला, अण्णांना जिना नको. मी म्हटलं, मी हेच सुचवणार होतो. ती म्हणाली, माहीत आहे.

दलालाला कळवलं. तो म्हणाला, सर, मी तुम्हाला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

२९ मार्च, शनिवार

सामान हलवलं. मी टेम्पोजवळ उभं राहून देखरेख केली. कपाट दारातून आत जाईना, तेव्हा कोणत्या कोनातून न्यायचं ते सांगितलं. त्या कोनातून ते अडकलं. मग इस्त्रीवाला, त्याचा भाऊ आणि अण्णांचे दोन प्रतिस्पर्धी आले आणि त्यांनी मला बाजूला बसवून काम केलं. लोक इथे अगत्यशील आहेत. उपनगर निवडताना मी माणसं बघतो.

३ एप्रिल, गुरुवार

एक महत्त्वाचा शोध. शेवटच्या स्टॉपला बस रिकामी असते. चढलं की खिडकीची जागा! आज ऑफिसात पँट्रीपाशी सगळ्यांना हा सिद्धांत समजावला. बस जिथे संपते तिथेच ती सुरू होते, हे कोणाच्या लक्षातच आलेलं नाही. अकाउंट्सवाल्या बाई म्हणाल्या, म्हणजे तुम्ही तिथेच गेलात. मी म्हटलं, पूर्ण अभ्यासाअंती.

कन्येला शाळा बरी वाटतेय. मला नाही सांगितलं. अण्णांना सांगितलं, त्यांनी बायकोला, बायकोनं मला. बातमी पोचली हे महत्त्वाचं.

१२ एप्रिल, शनिवार

आज अर्ध्या दिवसानं सुटलो. दुपारी घरी आलो तर फाटकावर रखवालदारानं अडवलं. मी रोज सकाळी लवकर जातो, अंधारात येतो, त्यामुळे दिवसाच्या रखवालदारानं मला कधी पाहिलेलंच नाही; सामान आलं त्या दिवशी तो रजेवर होता आणि रविवारी त्याची सुट्टी असते. विचारलं, कोणाकडे. माझं नाव सांगितलं. म्हणाला, या नावाचं इथे कोणी राहत नाही. मी म्हटलं, मीच राहतो. त्यानं माझ्याकडे खालीवर पाहिलं. बायकोचं नाव सांगितलं, तर म्हणाला, त्या मॅडमना ओळखतो, त्यांनी माझी पाठ बरी केली, पण त्यांचे मिस्टर कधी दिसले नाहीत. कन्येला पण ओळखतो. ती हॉस्पिटलात आईकडे गेलीय, असं त्यानंच मला सांगितलं.

शेवटी म्हटलं, अण्णांकडे आलोय.

त्याचा चेहराच बदलला. आधी नाही का सांगायचं, म्हणाला. आतून खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. अण्णा डाव संपला की येतीलच, तोपर्यंत बसा. मी बसलो. एक-दोन जण येता-जाता विचारून गेले, कोण. तो प्रत्येकाला सांगत होता, अण्णांचे पाहुणे.

बऱ्याच वेळानं अण्णा रस्ता ओलांडून आले. रखवालदार उठून उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्याकडे कोणीतरी आलंय, आत सोडू का.

अण्णांनी चष्मा पुसून माझ्याकडे नीट पाहिलं.

“सोड,” म्हणाले, “माझाच आहे.”